करदोडा

ऐन, क्रमांक एकशे बारा.
कमरेला पोलादी पट्टी, पट्टीला स्प्रिंग.
नवशा बरफ तिला करदोडा म्हणतो.
(आडनाव खरंच बरफ.
आग विझवणाऱ्यांच्या हजेरीत ते पुकारलं
की नवा बाबू एकदा तरी हसतो.)

मी वाकून खाच वाचते, तो वहीत लिहितो.
आकडे त्याचे गोल, माझ्याहून नेटके.
मार्चअखेर : दोन मिलिमीटर उणे.
झाड उणं कसं होतं, हे मला
कॉलेजात तीन तास शिकवलं होतं.
नवशा म्हणाला, पाणी आटलं
की माझीपण पँट सैल होते.

तुळशी तलावाच्या वरच्या अंगाला
फेब्रुवारीत गवत पेटलं.
कुणी म्हणतं विडी, कुणी म्हणतं वाढदिवसाची पार्टी.
मुलुंडच्या बाजूला, बाविसाव्या मजल्यावर
लोक गॅलरीत आले फोन उभे धरून.
लांबून ती साखळी दिसली म्हणे सोन्याची,
डोंगराच्या गळ्यात कुणी सावकाश घालतंय अशी.

जवळून ती गुडघ्याएवढीच होती.
इथल्या आगीला शेंड्यांची हाव नाही.
ती खालून जाते, पायांशी बोलत,
पाचोळा, करवंदाच्या जाळ्या,
सरड्याची अंडी.
नवशाने जांभळीच्या ओल्या डहाळीने
तिला पहाटेपर्यंत झोडपलं.
भुवया अजून अर्ध्याच आल्यात.

एकशे बाराची साल मगरीच्या पाठीची.
बाहेर कोळसा झाला, आतला ओला पदर वाचला.
एकशे तेरा कांडोळ होता.
कागदासारखी साल, चांदण्यात उजळणारी.
तो अजून उभा आहे, पट्टीसुद्धा आहे,
आकडा हलत नाही.
तरी आम्ही दर महिन्याला वाचतो.
वहीत जागा आहे म्हणून.

झाड जखम भरत नाही, झाकतं.
दोन्ही काठांनी नवं लाकूड पुढे सरकतं,
ओठ मिटावेत तसं, आठ-दहा वर्षं,
आणि कोळसा आतच राहतो.
पुढे कधी कुणी करवत लावलीच
तर एका वलयाशी दाते काळे होतील.

यंदा रात्री निवल्याच नाहीत.
दहिसरच्या माझ्या खोलीत पंखा
दुपारचीच हवा पुन्हा पुन्हा वाढत राहिला.
मी उठून पाणी प्यायले, भिंतीला हात लावला,
भिंत तापलेली.
तेव्हा डोंगरात झाडंही जागी असणार.
उकाड्यात त्यांचा श्वास वाढतो.
पानांनी दिवसभर जमवलेली साखर
पहाटेपर्यंत श्वासातच खर्चून बसतात,
खोडाला द्यायला काही उरत नाही.
हातावर पोट, असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं.
नवशाने खोडलेलंही वाचलं.
म्हणाला, बरोबरच होतं की.

परतताना तो जळक्या उतारावर बसला.
घोट्याएवढं रोप, चार पानं, तांबूस.
औंदाचं? मी विचारलं.
त्याने उत्तर दिलं नाही, बोटांनी माती उकरली.
खाली मूळ होतं. मनगटाएवढं,
गाठाळ, म्हाताऱ्या गुडघ्यासारखं.
दर उन्हाळ्यात वरचं जळतं,
दर पावसाळ्यात ते पुन्हा चार पानं काढतं.
वीस वर्षं तरी झाली असतील, तो म्हणाला,
माझ्या थोरलीएवढं.

रकाना होता : उंची.
मी लिहिलं, नऊ सेंटिमीटर.
पेन काही वेळ तिथेच राहिलं.

नवशाने माती परत लोटली, थोपटली,
सवयीने वर मूठभर पाचोळा पसरला.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
एकेक पान उचलून लांब टाकलं.
पेटतो, म्हणाला.